पेट्रोल मीटर आणि टँक युनिटचा संच : फायबर बोटीवर बसवून केलेले परीक्षण

५२ मिलिमीटर व्यासाचा काट्याचा मीटर, २५० मिलिमीटर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीवर वरखाली सरकणारा फ्लोट असलेले टँक युनिट, पाच स्क्रू, एक गॅस्केट, थोडी वायर आणि एका पानाची माहितीपत्रिका, एवढा ऐवज ३,८०० रुपयांना ऑनलाइन मागवला. खोक्यावर कंपनीचे नाव नाही. असेच संच निरनिराळे विक्रेते निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या विशिष्ट छापाचे नसून या जातीच्या संचाचे आहे असे समजावे. निष्कर्ष आधीच सांगतो: टँक युनिट उत्तम आहे, मीटर कामापुरता बरा आहे, सोबतची वायर आणि गॅस्केट वापरण्याच्या लायकीची नाहीत, आणि केवळ माहितीपत्रिकेवर भरवसा ठेवून जोडणी केली तर महत्त्वाच्या निम्म्या गोष्टी राहून जातील.

बोट आमच्या मत्स्य सहकारी संस्थेची आहे. साडेचार मीटर लांब, फायबरची, मागे ३० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड इंजिन. ती दारणा धरणाच्या फुगवट्यात चालते आणि मोठ्या कामासाठी ट्रेलरवरून नाशिकला येते. तळाच्या फळीखाली ६० लिटरची प्लास्टिकची चौकोनी टाकी बसवलेली असून तिच्यातले पेट्रोल पाहण्याची आजवरची रीत म्हणजे झाकण उघडून बांबूची कामटी बुडवणे. उभ्या बोटीत कामटी खोटे सांगत नाही आणि तिला बॅटरीही लागत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नव्हती. परंतु वारा सुटलेला असताना, ओल्या जाळ्यांचा ढीग बाजूला सारून, फळी उचलून पेट्रोलच्या टाकीचे तोंड उघडणे हा प्रकार थांबवणे भाग होते.

अशा मीटरकडून लिटरलिटरच्या हिशेबाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. माझी कसोटी एकच होती, ती म्हणजे काटा चुकलाच तर कोणत्या बाजूला चुकतो. टाकीत पेट्रोल असताना काटा रिकामे दाखवत असेल तर फार तर एक फेरी वाया जाते. टाकी कोरडी असताना काटा अर्धा दाखवत असेल तर वल्ही काढावी लागतात. संचाचा प्रत्येक भाग मी याच कसोटीवर पाहिला आहे, आणि खरेदी करतानाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, म्हणजे ओहमचा, याच कसोटीवर घेतला.

टँक युनिट म्हणजे पेट्रोलच्या पातळीप्रमाणे बदलणारा विद्युत रोध, जो ओहममध्ये मोजतात. मीटर हा रोध मोजतो आणि त्यानुसार काटा फिरवतो. अडचण अशी की जगभर याचे एकच माप नाही. अमेरिकी पद्धतीच्या बोटींवर टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३३ ओहम असे माप चालते. युरोपीय पद्धतीत, उदाहरणार्थ व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या मीटरांत, रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत तर ० ते ९० ओहम असा तिसराच हिशेब होता. आपल्याकडे ट्रॅक्टर, रिक्षा आणि टेम्पोंची टँक युनिटे स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतात, पण त्यांचेही माप कंपनीगणिक बदलते, त्यामुळे ‘टाकीत बसते ना, मग चालेल’ हा न्याय इथे लागू होत नाही. २४०–३३ चे युनिट १०–१८० च्या मीटरला जोडले तर काटा नुसता चुकत नाही, तो उलटा चालतो: टाकी भरलेली असताना तो तळाशी रेंगाळतो आणि पेट्रोल संपत जाईल तसतसा ऐटीत वर चढतो. ज्या बोटीवर ही जोडी जमली असेल तिच्यावर मीटर नसलेला परवडला.

विक्रेत्याने दोन्ही मापांचे संच ठेवलेले होते आणि किंमत सारखीच होती. मी २४०–३३ चा घेतला, कारण या पद्धतीत रोध वाढणे म्हणजे पेट्रोल कमी होणे. बोटीवरच्या वायरिंगमध्ये बिघाड होतो तो बहुतेक वेळा वायर तुटल्याने, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, सैल झाल्याने किंवा जोडावर हिरवा गंज चढल्याने, आणि या तिन्ही प्रकारांत रोध वाढतो. वायर पूर्ण तुटली तर २४०–३३ चा काटा थेट रिकाम्याच्या खुणेवर, किंबहुना तिच्याही खाली जाऊन बसतो. गंजलेल्या अर्थमुळे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या जोडणीमुळे, मार्गात २० ओहम वाढले तर भरलेली टाकीही पाऊणच्या आसपास दिसते. १०–१८० मध्ये याच्या नेमके उलट घडते. तुटलेली वायर भरलेली टाकी दाखवते आणि गंजलेला अर्थ नसलेल्या पेट्रोलची भर घालतो. युरोपीय मीटर दर्जाने वाईट असतात असे मुळीच नाही, परंतु ज्या बोटीची वायरिंग दर मोसमाला कोणी तपासणार नाही तिच्यावर मला पहिली पद्धत अधिक विश्वासाची वाटते. वायर घासून तिचा अर्थशी मेळ झाला, म्हणजे शॉर्ट झाली, तर हाच मीटर खोटी भरलेली टाकी दाखवील हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणून मीटरकडून टँक युनिटकडे जाणारी संपूर्ण वायर नालीदार पाइपातून नेली आहे.

आता टँक युनिटकडे वळतो, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. गाड्यांत सहसा दांडीच्या टोकाला फ्लोट असलेले युनिट येते; ते पेट्रोलच्या हिंदकळण्याबरोबर डुलते आणि त्याचा घासणारा संपर्क कालांतराने झिजतो. या संचातल्या युनिटात तसा उघडा संपर्क नाही. स्टीलच्या बंद नळीच्या आत रीड स्विच आणि रोधकांची पट्टी आहे, बाहेरच्या फ्लोटमध्ये चुंबक आहे, आणि फ्लोट ज्या उंचीवर असेल तिथला स्विच मिटतो. हात लावून फ्लोट सावकाश सरकवला आणि मल्टीमीटर लावून ठेवला तर आकडे अखंड न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसतात. सुमारे २१ मिलिमीटरची एक पायरी, म्हणजे आमच्या टाकीत साधारण पाच लिटर. तळाशी २३८ ओहम, मध्यावर १०५ आणि वरच्या टोकाला ३४ असे आकडे मिळाले. मध्यावर १३६ का नाहीत, असा प्रश्न इथे अनेकांना पडेल. या मापात अर्ध्या टाकीला १०३ ओहमच्या आसपासच रोध अपेक्षित असतो, कारण मीटरची रचनाच सरळ सरासरीवर चालत नाही. तेव्हा १०५ हा आकडा युनिट चांगले असल्याची खूण आहे.

लांबी निवडताना टाकीची आतली खोली मोजून त्यातून एक-दीड सेंटिमीटर वजा करावेत, म्हणजे नळी तळाला टेकत नाही. आमची टाकी आतून २६० मिलिमीटर खोल आहे, म्हणून २५० चे युनिट घेतले. फ्लोटची स्वतःची उंची आणि खालची अडणी धरता तळाचे सुमारे तीन सेंटिमीटर या युनिटच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि वर फ्लँजखालचे, म्हणजे युनिटच्या माथ्यावरच्या, टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या चकतीखालचे, सुमारे चार. याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की टाकी काठोकाठ भरल्यावर पहिले आठनऊ लिटर जळेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि तो तळाच्या खुणेवर टेकतो तेव्हा टाकीत अजून सहासात लिटर असतात. पहिली गोष्ट नवख्याला बुचकळ्यात टाकते. दुसरी मला पसंत आहे. अर्थात ही सहासात लिटर सगळीच्या सगळी वापरता येत नाहीत, कारण इंजिनाकडे जाणारी ओढनळीही तळापासून थोडी वर असते. टाकी चौकोनी नसून बोटीच्या बुडाप्रमाणे निमुळती असेल तर अर्धी उंची म्हणजे अर्धे पेट्रोल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तिथे काटा पाव दाखवील तेव्हा टाकीत पावापेक्षा बरेच कमी असेल, म्हणजे चूक नको त्या बाजूला होईल, आणि त्यासाठी मोजून पेट्रोल ओतून स्वतःच्या खुणा करण्यावाचून मार्ग नाही.

फ्लँजला पाच भोके असतात आणि ती मुद्दामच सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे युनिट एकाच बाजूने बसते. आमच्या टाकीवर याच मापाचे तोंड होते, म्हणून काम सोपे गेले. गॅस्केट मात्र बुचासारख्या भुसभुशीत मालाचे आले होते. अलीकडे पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि असल्या गॅस्केटवर त्याचा काय परिणाम होईल याची परीक्षा बंद बोटीच्या तळाशी घेण्याची इच्छा नव्हती. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातून तीन मिलिमीटरच्या नायट्राइल रबराच्या पत्र्याचे गॅस्केट कापून घेतले. संचासोबतचे गॅस्केट त्यांना नमुन्यासाठी उपयोगी पडले, हाच त्याचा उपयोग. स्क्रू समोरासमोरचे घेत, थोडेथोडे आवळावेत. प्लास्टिकच्या टाकीत पितळी नट साच्यातच बसवलेले असतात आणि जोर लावला की ते जागच्या जागी फिरू लागतात. त्यानंतर टाकी बदलण्याखेरीज फारसा इलाज उरत नाही.

वायरिंगसाठी मुंबई नाक्याजवळच्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले होते. माणूस कामाला स्वच्छ. थिंबल दाबल्यावर प्रत्येक जोड ओढून पाहणारा. बोटीत उतरताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दादा, अर्थ बॉडीलाच मारू ना?” गाडीवर आयुष्य घालवलेल्या कारागिराने हाच प्रश्न विचारायला हवा, कारण गाडीत लोखंडी बॉडी हीच बॅटरीच्या ऋण टोकाची वाट असते. फायबरच्या बोटीत तशी बॉडी नाही. मीटरची अर्थ वायर वेगळी, टँक युनिटची वेगळी, आणि दोन्ही एका पितळी पट्टीवर येऊन तिथून बॅटरीच्या ऋण टोकाला गेल्या पाहिजेत. बोट ॲल्युमिनियमची असली तरी पत्र्याचा असा उपयोग करू नये. पत्र्यातून प्रवाह फिरू लागला की पाण्यात तो पत्राच झिजत जातो. संचाच्या माहितीपत्रिकेत अर्थसाठी गाडीच्या चित्रात असते तसले तीन रेघांचे चिन्ह काढून ठेवले आहे, त्यावरून कोणाचाही गैरसमज होईल.

मीटरच्या मागे आय, एस आणि जी अशा खुणांचे तीन बोल्ट आहेत. आयला इग्निशन स्विचमधून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा द्यायचा, एसवरून वायर टँक युनिटकडे न्यायची आणि जी अर्थच्या पट्टीला जोडायचा. युनिटमधून दोन वायर निघतात. त्यांतली कोणतीही एक एसला आणि उरलेली अर्थला जोडली तरी चालते, कारण आत निव्वळ रोधच आहे. बोटींच्या अमेरिकी संकेतात इंधनाच्या सेंडरसाठी, म्हणजे टँक युनिटसाठी, गुलाबी वायर आणि मीटरच्या पुरवठ्यासाठी जांभळी वायर वापरतात; नाशिकच्या दुकानांत गुलाबी वायर मागितल्यावर हसतात, म्हणून आम्ही पिवळी वापरून दोन्ही टोकांना स्लीव्हवर नाव लिहिले. पुरवठ्याच्या वायरीवर २ अँपिअरचा फ्यूज बसवला. माहितीपत्रिकेत फ्यूजचा उल्लेखच नाही, हे अक्षम्य आहे.

सोबत आलेली वायर केसासारखी बारीक आणि नुसत्या तांब्याची होती. ओलाव्यात उघडे तांबे हिरवे पडते आणि ती हिरवळ आवरणाच्या आत दूरवर पसरते, म्हणून बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वायर वापरतात. अशी दीड चौरस मिलिमीटरची वायर आम्हाला नाशकात मिळाली नाही. शेवटी मुंबईच्या लोहार चाळीतून मागवावी लागली. मीटरला इतक्या जाड वायरीची विजेच्या दृष्टीने गरज नाही, प्रवाह अगदीच किरकोळ असतो; जाडी हवी ती हादऱ्यांत टिकण्यासाठी. प्रत्येक थिंबलवर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक स्लीव्ह चढवली, मात्र ती तापवण्याचे काम टाकीवरचे युनिट बसवण्याआधी, बोटीबाहेर उरकले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठून राहते, त्यामुळे टाकीचे तोंड उघडे असताना गरम हवेची गन, ड्रिल किंवा सोल्डरिंग यांपैकी काहीही बोटीत चालवू नये आणि बॅटरीचे ऋण टोक आधी सोडून ठेवावे.

टाकीत पेट्रोल भरण्याच्या धातूच्या तोंडाचाही विचार इथेच करावा लागतो, जरी तो या संचाचा भाग नाही. रबरी पाइपातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळे स्थितिक वीज साठते. तोंड आणि युनिटची फ्लँज हे दोन्ही धातूचे भाग वेगळ्या हिरव्या वायरीने अर्थच्या पट्टीला जोडलेले नसतील तर नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते. विक्रेत्याला याबद्दल विचारले असता त्याने ‘गरज नाही’ असे कळवले. हे उत्तर चुकीचे आहे.

जोडणी झाल्यावर युनिटला हात न लावता मीटर तपासण्याची सोपी रीत आहे. मीटरच्या मागचा एसचा बोल्ट मोकळा ठेवून स्विच चालू केला की काटा रिकाम्यावर राहिला पाहिजे. एस आणि जी यांना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडले की काटा भरलेल्याच्या खुणेकडे निघाला पाहिजे. दोन्ही झाले तर मीटर चांगला आहे आणि पुढचा दोष वायरीत किंवा युनिटमध्ये शोधावा. पुष्कळ जण याच वेळी एसच्या वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट लावून ‘करंट जातो का’ ते पाहतात. तसे केल्यास युनिटमधले रोधक जळतात, आणि ते युनिट पेट्रोलच्या टाकीत आहे याचाही विसर पडू नये.

वापरताना मीटरची वागणूक समाधानकारक आहे. काटा मुद्दाम संथ ठेवलेला असल्यामुळे लाटांवर तो नाचत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या पुढे गेला तरी त्याची जागा ढळत नाही. स्विच चालू केल्यावर खऱ्या जागी यायला त्याला थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरावा. कामटीशी ताडून पाहिले तेव्हा मधल्या पट्ट्यात फरक एका पायरीच्या, म्हणजे पाच लिटरच्या, आत राहिला आणि बहुतेक वेळा काटाच कमी दाखवत होता. बोटीचे नाक उचललेले असताना मात्र तो विश्वासार्ह नाही, कारण आमच्या टाकीचे तोंड मध्यावर नसून मागच्या बाजूला आहे. वेगात जाताना पेट्रोल मागे येते आणि काटा जास्त दाखवतो. ही चूक नको त्या बाजूची आहे, म्हणून वाचन घ्यायचे ते इंजिन मंद करून, बोट सपाट झाल्यावरच.

तक्रारी मीटरच्या बांधणीबद्दल आहेत. समोरची काच जलरोधक असल्याचा दावा खरा निघाला, पाण्याचे फवारे तिने सोसले. पण मागची बाजू उघडीच आहे, आणि पावसाळ्यात सकाळी काचेच्या आतून धुके धरते. ते ऊन चढल्यावर जाते, परंतु आत ओल जात आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. मागच्या बोल्टांवर व्हॅसलीनचा पातळ थर दिला आहे. रात्रीचा पांढरा एलईडी दिवा अवाजवी प्रखर आहे. पहाटे जाळी काढायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो येतो, म्हणून त्याची वायर वेगळ्या स्विचवर घेतली. आवळपट्टीचे नट इतके मऊ आहेत की पाना घसरला की कडा गेल्या.

पुन्हा घ्यायचे झाल्यास मी संच न घेता २४०–३३ चे टँक युनिट सुटे घेईन, त्याच विक्रेत्याकडे ते निम्म्याहून कमी किमतीत मिळते, आणि त्याच ओहमचा, पण मागून बंद असलेला मीटर ओळखीच्या कंपनीचा घेईन. मजुरी, वायर, अर्थची पट्टी आणि गॅस्केट धरून संचाच्या किमतीइतकाच आणखी खर्च येतो, तो दोन्ही बाबतींत सारखाच राहील.